चष्मेधर नावाची व्यक्ती

घ आणि ध ही दोन निरनिराळी अक्षरं आहेत, हे मला पहिलीत शिकवलं होतं. ते मला खरोखर कळलंय, असं सही, शिक्का आणि दोन साक्षीदारांनिशी लिहून द्यायची वेळ मात्र वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी आली.

झालं असं, की माझी धाकटी बहीण चष्म्याचं दुकान काढत होती. घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात. ती स्वतः चाळिशीला आली आणि रोज चार लोकांना चाळिशी लावते, तरी धाकटीच. अकरा वर्षं तिने एका मोठ्या चष्मेवाल्याकडे नोकरी केली. डोळे ही तपासायची, काचा ही निवडायची, कानामागे काडी टोचते का तेही हीच बघायची, आणि गिऱ्हाईक जाताना गल्ल्यावर बसलेल्या मालकाला सांगून जायचं, की साहेब, तुमच्यामुळे नीट दिसायला लागलं. मालकाने अकरा वर्षांत कुणाच्या डोळ्यांकडे बघितल्याचं तिला आठवत नव्हतं. तो गल्ल्याकडे बघायचा.

म्हणून तिने आपल्या दुकानाचं नाव ठरवलं, चष्मेघर. कुणाचं नाव नाही, आडनाव नाही, स्वतःचंसुद्धा नाही. "लोकांनी नाव बघून येऊ नये, दादा. काम बघून यावं," ती म्हणाली, आणि बोर्डाचं काम माझ्यावर सोपवून मोकळी झाली. तिच्या मते आमच्या घरात अक्षरांतलं कळणारा मी एकटाच.

यात तिची चूक नाही. मी पाणीपुरवठा खात्यात आहे. 'उद्या सकाळी पाणी येणार नाही' ही सूचना गेली अठरा वर्षं मी टाइप करत आलोय. स्वतःची स्तुती करू नये, पण माझं लिखाण वाचून लोक ताडकन उठून बादल्या भरायला लागतात. वाचकांवर एवढा परिणाम करणारे लेखक फार नसतील.

फॉन्ट निवडायचा म्हणजे अक्षर जाड ठेवायचं की बारीक, एवढाच प्रश्न असेल अशी माझी समजूत होती. संगणकात शोधायला गेलो तर एकशे त्रेचाळीस निघाले. मी प्रत्येकात 'चष्मेघर' टाइप केलं, ऑफिसच्या पाठकोऱ्या कागदांवर छापलं आणि बाहेरच्या खोलीतल्या लांब भिंतीवर ओळीने चिकटवलं. दात घासताना, दाढी करताना, फोनवर बोलताना मी त्यांच्यासमोर येरझाऱ्या घालायचो. दोनच दिवसांत मला त्यांचे स्वभाव कळायला लागले. एक इतका गोल आणि गुबगुबीत, की दुकानात चष्म्यांऐवजी झबली-टोपडी मिळतील असं वाटावं. एक टोकदार आणि करारी, वाचला की आपल्याला आठ दिवसांत लेखी खुलासा करायचाय असं वाटे. एकाच्या मात्रा अशा मागे वळलेल्या, जणू त्यांना पाठीमागून कुणीतरी हाक मारली आहे. आणि एक अगदी सरळ, सज्जन, नाकासमोर चालणारा. त्याच्यात मी अठरा वर्षं लोकांचं पाणी बंद करत आलो होतो. तो सगळ्यात आधी बाद केला.

बायकोच्या मते सगळे सारखेच होते. तिचं म्हणणं एवढंच, की भिंतीवरून एकशे त्रेचाळीस जण आपल्याकडे टक लावून बघतायत असं वाटतं, आणि चारचौघं घरी यायच्या आत ते गेले पाहिजेत.

पण हे दुखणं भिंतीपुरतं राहिलं नाही. बायको तापाने फणफणली तेव्हा औषधाची पट्टी हातात घेऊन मी पाच मिनिटं उभा होतो. शेवटी तिने विचारलं, की औषध बरोबर आहे ना. मी म्हणालो, औषध बरोबर आहे, अक्षरांचं वजन चुकलंय. ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या शोकसभेला गेलो, तिथे मागच्या फलकावर त्याचं आणि त्याच्या बायकोचं नाव होतं. मी हळूच कुजबुजलो, "त्या दोघांत अंतर फार पडलंय." पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून सांगितलं, की ते शेवटी शेवटी पडलं होतं, पण ही वेळ नव्हे बोलायची.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांना सगळी इमारत हेडमास्तर म्हणते. त्यांना सुगावा लागला आणि ते लाल पेन्सिल घेऊन खाली आले. त्यांनी एकशे त्रेचाळीस कागदांना दहापैकी गुण दिले. सहाच्या वर कुणी गेला नाही. एका फॉन्टला त्यांनी 'पालकांना भेटण्यास सांगावे' असा शेरा दिला. मग खुर्चीत बसून त्यांनी मला शिरोरेषेचं महत्त्व समजावलं. अक्षरं म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे, असं त्यांचं मत. दोरी ताठ असली की घरात शिस्त आहे हे रस्त्यावरून कळतं.

नेमका त्याच संध्याकाळी मी एकशे अठरा नंबरच्या प्रेमात पडलो.

उंच, सडपातळ, आणि डोक्यावर रेघ नाही. शिरोरेषाच नाही. बाकीच्या एकशे बेचाळीस कागदांमध्ये तो परदेशात शिकून आलेल्या भाच्यासारखा दिसत होता. ओळख पटते, पण लगेच पाठीवर थाप मारायचा धीर होत नाही. हेडमास्तरांनी तो पाहिला आणि "बोडकं अक्षर" एवढंच म्हणून ते जिना चढून गेले. एखादी गोष्ट हेडमास्तरांना आवडली नाही की ती आधुनिक असते, अशी माझी आपली एक पक्की फूटपट्टी आहे. निर्णय झाला.

बायको त्या कागदाकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "अहो, हे चष्मेधर दिसतंय."

तिचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. घ च्या डोक्यावर पूर्ण रेघ असते. ध ची रेघ तुटलेली असते आणि त्याच्या डाव्या खांद्यावर एक बारीकशी गाठ असते. रेघच काढून टाकली की दोघांमध्ये फरक उरतो तो त्या गाठीचा. आपल्या कागदावर गाठ नाही हे मी तिला दाखवलं. शिवाय, मी म्हणालो, चष्म्याच्या दुकानावर माणूस चष्मेघरच वाचणार. चष्मेधर असं काही जगात असतं का?

"मी आपलं सांगितलं," ती म्हणाली. संसारात हे वाक्य उच्चारलं गेलं की पुढे जे काही घडेल त्याचा सर्वस्वी मालक नवरा असतो.

बोर्डवाला मोजकं बोलणारा माणूस निघाला. तो ॲक्रिलिकची अक्षरं कापून देतो. कागद उलटसुलट करून त्याने विचारलं, की हे अक्षर नक्की कुठलं. मला त्याच्या अज्ञानाची कीव आली. मी त्याला अर्धा तास अक्षरांचं वजन, त्यांच्यामधली मोकळी जागा, त्या जागेतून खेळणारी हवा, असं सगळं समजावून सांगितलं. मूळ प्रश्नाचं उत्तर तेवढं राहून गेलं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तो प्रत्येक वाक्याला "करतो बरोबर" म्हणत राहिला.

बोर्ड लागला त्या दिवशी मी समोरच्या फुटपाथवर उभा राहून पाहिलं आणि मला भरून आलं. दुकानाच्या शटरवर, चांगल्या दीड पुरुष उंचीवर, निळ्या पट्टीवर पांढरी शुभ्र अक्षरं. धाकटी माझ्याशेजारी उभी होती. आपल्या मनातलं नाव तिने इतक्या वेळा वाचलं होतं, की तिने बोर्डावरही तेच वाचलं. बायको म्हणाली, की ती काही बोलत नाही.

पहिलं गिऱ्हाईक अर्ध्या तासाने आलं. मध्यमवयीन, कपाळावर आठ्या, हातात मोडलेला चष्मा. त्याने दुकानभर नजर फिरवली आणि धाकटीला विचारलं, "चष्मेधर साहेब आहेत?"

तिला आधी कळेना. तिने नाव दुरुस्त करून सांगितलं, त्याने मान डोलावली आणि पुन्हा विचारलं, मग साहेब कधी येतील. दुसरं गिऱ्हाईक म्हणालं, चष्मेधर डॉक्टरांचं नाव ऐकून आलोय. कुणाकडून ऐकलं हे त्याला सांगता येईना. आठवडाभरात श्री. चष्मेधर यांच्या नावाने तीन पाकिटं आली. त्यातलं एक एका व्यापारी मंडळाचं होतं, त्यांनी चष्मेधर यांना आजीव सभासद होण्याची विनंती केली होती. आणि मग एक काठीवाले आजोबा आले. त्यांनी खुर्चीत बसता बसता सांगून टाकलं, की चष्मेधरांच्या वडिलांनीच त्यांचा पहिला चष्मा बनवला होता. फार हुशार माणूस, पण तापट. मुलगा कसा निघाला, असं त्यांनी धाकटीला विचारलं.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. पण लोक तिच्याकडून डोळे तपासून घेईनात. "साहेब आले की येतो" असं म्हणून दहातले सहा परत जायला लागले. तिने भिंतीवर आपलं प्रमाणपत्र लावलं तर लोक ते वाचायचे आणि चष्मेधरांनी कर्मचारी चांगले ठेवलेत म्हणायचे. अकरा वर्षं तिच्या कामाचं श्रेय एका जिवंत माणसाला गेलं होतं. आता ते घ्यायला माझ्या कृपेने जन्मालाच न आलेला एक माणूस उभा राहिला होता.

बोर्ड बदलू म्हटलं तर बोर्डवाला गावाला गेलेला, परत कधी येणार ते त्याच्या घरी कुणाला ठाऊक नव्हतं. आणि मनातून खरं सांगायचं तर मला बोर्ड बदलायचा नव्हता. तो चुकीचा नव्हताच. चूक वाचणाऱ्यांची होती, आणि एका शहराच्या वाचनदोषासाठी आपण एकशे अठरा नंबर का सोडावा, असा माझा तात्त्विक मुद्दा होता. तो मी धाकटीला बोलून दाखवला नाही. ती त्या वेळी काच घासत होती आणि फार जोरात घासत होती.

त्यात परवाना अडकला. धाकटीला महिनाभराची तात्पुरती परवानगी मिळाली होती, कायमचा परवाना बोर्डाचा फोटो जोडल्यावर मिळायचा होता. परवाना कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीत एक कारकून बसायचे. जाड भिंगाचा चष्मा, पेनाला टोपण लावल्याशिवाय बोलायचं नाही अशी शिस्त. त्यांनी फोटो नाकाला लावून पाहिला. मग पेनाला टोपण लावलं आणि सांगितलं, की अर्जात चष्मेघर आहे, बोर्डावर चष्मेधर आहे.

मी म्हणालो, बोर्डावरही चष्मेघरच आहे. ते म्हणाले, त्यांना ध दिसतोय. मी फॉन्टची माहिती द्यायला लागलो, तर त्यांनी माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी नियम काढून दाखवला. दुकानाला एखाद्या व्यक्तीचं नाव दिलं असेल तर त्या व्यक्तीचं संमतीपत्र लागतं. तेव्हा चष्मेधर यांचं संमतीपत्र आणा. मी म्हणालो, असा माणूसच नाही. ते म्हणाले, नसेल तर तसं प्रतिज्ञापत्र द्या. मी म्हणालो, नसलेल्या माणसाबद्दल प्रतिज्ञापत्र कशाला. त्यावर ते शांतपणे म्हणाले, की असलेल्या माणसाला स्वतः येता येतं, प्रतिज्ञापत्र नसलेल्याचंच लागतं. एवढं निर्दोष उत्तर मला आमच्या खात्यात अठरा वर्षांत सुचलं नव्हतं. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, आणि त्याचा रागही आला.

मी प्रतिज्ञापत्र केलं. 'चष्मेधर नावाची कोणतीही व्यक्ती आजमितीस अस्तित्वात नाही, पूर्वी नव्हती, आणि तिचा सदर दुकानाशी काहीही संबंध नाही. घ व ध ही अक्षरे भिन्न असून मला त्यांतील फरक समजतो.' खाली दोन साक्षीदार. बायकोने काही न बोलता सही केली, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. हेडमास्तरांनी मजकुरातल्या दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या आणि आपल्या हाताने पुरवणी जोडली, 'मी सदर चष्मेधर यांस ओळखत नाही. तथापि परिचय झाल्यास आनंद होईल.' बुधवारी मी ते तीन नंबरच्या खिडकीत दिलं. कारकुनांनी ते दोनदा वाचलं, फाइलला लावलं आणि येत्या आठवड्यात परवाना होईल असं सांगितलं.

शनिवारी धाकटी घरी आली. चप्पल काढायच्या आत तिने सांगितलं, की त्या दिवशी अकरा जण परत गेले. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, हा माणूस तू जन्माला घातलास. आता परवाना येईपर्यंत तूच त्याला सांभाळ."

म्हणजे काय, तर रविवारी गर्दीच्या वेळी मी दुकानात मोठ्या खुर्चीत बसायचं. ती नेहमीसारखे डोळे तपासणार, शेवटी नंबराचा कागद माझ्यासमोर धरणार, मी तो बघायचा आणि 'हं' म्हणायचं. बाकी काही नाही. कशाला हात लावायचा नाही. आणि अक्षरांबद्दल एक शब्द काढायचा नाही. मी बायकोकडे पाहिलं. तिने माझा चांगला इस्त्रीचा शर्ट आधीच बाहेर काढून ठेवला होता, वहिनी आणि नणंद यांचं आपसात काय ठरलं होतं ते मला कुणी सांगितलं नाही.

मी आक्षेप घेतला. बुधवारीच मी या माणसाच्या नसण्याची शपथ घेतली होती, आणि रविवारी त्याच्या खुर्चीत बसायचं हे सरकारी नोकराला शोभत नाही. धाकटी म्हणाली, की तू कुणाला नाव सांगूच नकोस. लोक आपणहून समजतील ते समजतील.

लोक समजले. खुर्चीत बसून दहा मिनिटं झाली नाहीत तोच मला साहेब म्हणायला लागले. धाकटी तपासायची, काचा बदलायची, 'आता बरं दिसतंय की मघाशी' असं विचारायची, आणि मी कागदाकडे बघून 'हं' म्हणायचो. परत जाणारी माणसं जाईनाशी झाली. दुपारपर्यंत माझ्या 'हं'चा बोलबाला झाला. एक बाई आपल्या नवऱ्याला दाराबाहेर सांगत होत्या, की यांचं असंच असतं, खरे जाणकार जास्त बोलत नाहीत. काठीवाले आजोबा मुद्दाम मला बघायला आले आणि माझ्या नाकावरून त्यांनी माझे वडील ओळखले. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायला लागलं होतं. अठरा वर्षं लोकांना पाणी येणार नाही हे सांगितल्यावर, कुणालातरी नीट दिसेल असं सांगण्यात वेगळीच मजा होती. तिसऱ्या प्रहरी मी 'हं' थोडा लांबवून म्हणायला सुरुवात केली. धाकटीने माझ्या बुटावर पाय ठेवला.

तेवढ्यात काचेचं दार ढकलून तीन नंबरच्या खिडकीतले कारकून आत आले.

त्यांचं डोकं दुखत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की चष्मेधरांकडे जा, एका नजरेत सांगतात. ते समोर बसले, त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, परत लावला, आणि मग मला पाहिलं. मी उठायला हवं होतं. पण मागे भिंत होती आणि पुढे टेबल.

माझ्याशेजारी बसलेल्या बाईंनी त्यांना धीर दिला, की हेच चष्मेधर साहेब.

कारकुनांच्या खिशात पेन होतं. त्यांनी ते काढलं, टोपण असल्याची खात्री केली आणि म्हणाले, "तुम्ही तर अस्तित्वात नव्हता."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं. त्यांची फाइल पूर्ण झाली होती हो. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि सवयीने तोंडातून 'हं' निघून गेलं. ते त्यांना कबुलीजबाबासारखं वाटलं. त्यांनी सांगायला सुरुवात केली, की खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, साक्षीदारही त्यात येतात, आणि परवाना तर राहू द्या, तात्पुरती परवानगीसुद्धा उद्याच रद्द होईल. माझ्या डोळ्यांसमोर माझी नोकरी, बायकोची सही आणि हेडमास्तरांची लाल पेन्सिल एकामागून एक तरळून गेली. धाकटीचा चेहरा पांढरा पडला होता. आपल्या चुकीने आपलं हसू होतं तेव्हा वाईट वाटतं. पण इथे माझ्या चुकीने धाकट्या बहिणीच्या दुकानाचं शटर खाली येणार होतं.

मी म्हणालो, की सगळी चूक माझी आहे, तिचा काही संबंध नाही. ते कुणीच ऐकलं नाही, कारण धाकटीने कारकुनांच्या डोळ्यांवरचा चष्मा तोवर काढून घेतला होता.

"आधी बसा," ती म्हणाली. "हा चष्मा घालून तुम्ही काही लिहू नका. डोकं याच्यामुळेच दुखतंय."

ते बिनचष्म्याचे एकदम निराधार दिसायला लागले आणि मुकाट्याने बसले. तिने त्यांच्या नाकावर तपासणीची ती जड, काचा बदलता येणारी फ्रेम ठेवली. एकेक काच घालत, काढत, विचारत ती वीस मिनिटं त्यांच्या डोळ्यांशी बोलत होती. भाऊ म्हणून मी ते काम असं कधी बघितलंच नव्हतं. आवाज खाली, घाई नाही, माणूस अडखळला तर त्याला चुकीची लाज वाटू द्यायची नाही. शेवटी तिने सांगितलं, की त्यांच्या चष्म्यात उजव्या डोळ्याची काच डावीकडे आणि डाव्याची उजवीकडे बसवली गेली आहे. किती दिवस झाले? तीन वर्षं, ते म्हणाले. तीन वर्षं ते रोज संध्याकाळी डोकं धरून बसत होते आणि दोष फायलींना देत होते.

ती फ्रेम घालून ते उठले आणि दुकानाबाहेर गेले. मागोमाग सगळेच गेलो. फुटपाथवर उभं राहून त्यांनी वर पाहिलं.

मला वाटलं, आता न्याय होणार.

"आता अगदी स्वच्छ दिसतंय," ते म्हणाले. "धच आहे. गाठसुद्धा आहे."

बोर्डवाला आदल्याच दिवशी परतला होता. मी तिथल्या तिथे फोन लावला. त्याने अभिमानाने सांगितलं, की कागदावर गाठ राहून गेली होती, ती त्याने आपल्याकडून घालून दिली. बरोबर करून दिलं, त्याचं काही वेगळं लावलं नाही.

कारकुनांनी माझ्याकडे जिंकलेल्या माणसासारखं पाहिलं नाही, हे त्यांचं मोठेपण. ते फक्त म्हणाले, की बोर्डावर चष्मेधर आहे हे आता सिद्ध झालंय, तेव्हा चष्मेधर कोण हे त्यांना लिहावंच लागेल. बोर्ड उतरवला तर सगळा अर्ज पहिल्यापासून.

धाकटी दाराच्या पायरीवर उभी होती. तिने एकदा वर पाहिलं, एकदा जमलेल्या लोकांकडे.

"साहेब, अकरा वर्षं मी दुसऱ्याच्या नावावर डोळे तपासले," ती म्हणाली. "इथे नाव आहे आणि माणूस नाही. जागा रिकामी आहे. ती मी घेते. लिहा, चष्मेधर म्हणजे मी."

कारकुनांनी मनातल्या मनात सगळा अर्ज चाळला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. अर्जात सतरा नंबरचा एक रकाना आहे, ते म्हणाले, 'अर्जदार व्यवसायात अन्य नावाने ओळखला जात असल्यास ते नाव'. त्यांच्या बावीस वर्षांच्या नोकरीत तो कुणी भरला नव्हता. तो कशासाठी ठेवलाय हे त्यांना आज कळलं. राहता राहिलं प्रतिज्ञापत्र, तर ते बुधवारचं होतं, आणि चष्मेधर अस्तित्वात आल्या रविवारी. त्यात खोटं काही नाही.

काठीवाले आजोबा पुढे झाले, धाकटीला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, मुलगी होय, तरीच. नाक तेच आहे. मग ते आत जाऊन तपासणीच्या खुर्चीत तिच्यासमोर बसले, आणि मी मोठ्या खुर्चीतला माझा रुमाल उचलून कोपऱ्यातल्या स्टुलावर गेलो. कुणी चौकशी केली नाही.

सोमवारी परवाना झाला. संध्याकाळी मी ऑफिसातून तडक दुकानात गेलो. धाकटी परवाना काचेच्या चौकटीत बसवत होती. सुबक टाइपात 'चष्मेधर', एक कानामात्रा इकडची तिकडे नाही, आणि खाली तिचं नाव. बायकोही आली होती. ती दोघींच्या वतीने म्हणाली, की आता यांचेही डोळे एकदा तपास. मी म्हणालो, माझ्या नजरेला काही झालेलं नाही. त्यावर दोघींनी तपासणीच्या खुर्चीकडे बोट दाखवलं, म्हणून मी बसलो.

माझा नंबर सव्वाने वाढला होता. किमान दोन वर्षांपासून वाढत असणार, धाकटी म्हणाली. म्हणजे एकशे त्रेचाळीस फॉन्टांचं वजन, अंतर आणि त्यांच्यातून खेळणारी हवा हे सगळं मी अंदाजाने बघितलं होतं. गुबगुबीत वाटलेला तो कदाचित मुळात सडपातळ असेल. मग निदान आपला बोर्ड तरी एकदा खऱ्या नजरेने पाहावा म्हणून तपासणीची तीच फ्रेम नाकावर ठेवून बाहेर गेलो.

निळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं लख्ख दिसत होती. ध ची गाठ दिसली, वाटाण्याएवढी, ठसठशीत. आणि तशीच दुसरी एक गाठ दिसली. ती म वर होती. बोर्डवाल्याने तोही बरोबर करून दिला होता. त्याचा झाला होता भ.

च, ष्भे, ध, र. मी तीनदा वाचलं. इतक्या दिवसांत ते कुणीच वाचलं नव्हतं. कारकुनांनीसुद्धा वादातलं तेवढंच अक्षर तपासलं होतं. आत धाकटी स्टुलावर उभी राहून परवाना खिळ्याला अडकवत होती आणि बायको खालून तो सरळ आहे का ते सांगत होती.

मी आत आलो. धाकटीने वळून पाहिलं.

"काय दादा, आता दिसतंय ना नीट?"

"दिसतंय," मी म्हणालो, आणि तिने पुढचं काही विचारायच्या आत फ्रेम काढून तिच्या हातात दिली.